शाकाहारी जेवण कुठे मिळेल? परभणी ते मुंबई, एका प्रश्नाचा इतिहास

१/ परभणीहून रात्री देवगिरी एक्सप्रेसने निघालेला प्रवासी सकाळी मुंबईत उतरतो आणि पहिला घास बहुधा वडापावाचा घेतो. बटाटा, बेसन, मिरची, तेल आणि पाव. मांस नाही, मासा नाही, दूधही नाही. समुद्राकाठच्या या शहरातील हा सर्वांत सोपा शाकाहार. मात्र १८५० साली याच शहरात एखाद्या सवर्ण हिंदू तरुणाने नुसता पाव खाल्ल्याचे उघड झाले असते, तर त्याच्या घराला जातीने वाळीत टाकले असते. ज्यात मांसाचा कणही नाही तो पाव निषिद्ध का होता? या प्रश्नाच्या मागे प्रवासातील शाकाहाराचा मोठा इतिहास आहे. (थ्रेड)

२/ गेल्या हिवाळ्यात जुनी कागदपत्रे पाहण्यासाठी मी आठ दिवस मुंबईत होतो. सोबतचा मित्र वीगन, म्हणजे दूध, तूप, मध यांतले काहीही न घेणारा. प्रत्येक उपाहारगृहात तो विचारी, "यात दूध-तूप आहे का?" रात्री गावाहून आजीचा फोन येई. तिचा प्रश्न ठरलेला, "जेवलास का रे? कुणाच्या हातचं?" दोघांचेही प्रश्न जेवणाविषयीचेच होते, तरी त्यांच्यात एका युगाचे अंतर होते. हे अंतर कसे पडले, ते या थ्रेडमध्ये पाहू.

३/ मित्राचा प्रश्न पदार्थाविषयी आहे : यात काय घातले आहे? आजीचा प्रश्न माणसाविषयी आहे : हे कोणी शिजवले, कोणी वाढले, पंगतीला कोण होते? आज 'शाकाहारी' म्हटले की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशाच्या मनात दुसरा प्रश्न आधी येत असे. अन्न निरामिष असणे त्याला पुरेसे नव्हते. ते 'चालणाऱ्या' हातचे असावे लागे.

४/ याचा पुरावा आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मराठवाड्यात प्रवासाला निघताना दशम्या बांधून देण्याची रीत होती. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. तशी दशमी अधिक टिकते, हे एक कारण. दुसरे कारण सोवळ्याओवळ्याचे : पाण्यात शिजवलेल्या वा मळलेल्या अन्नाला विटाळ लवकर लागतो, दुधातल्या अन्नाला तितका लागत नाही, अशी समजूत होती. गंमत पाहा. ज्या दुधाने दशमी जुन्या अर्थाने 'शुद्ध' केली, त्याच दुधामुळे माझ्या वीगन मित्राला ती वर्ज्य झाली. पदार्थ तोच राहिला, प्रश्न बदलला.

५/ शिदोरी संपली की पुढे काय? अन्नछत्रे आणि धर्मशाळा होत्या. सोवळे पाळणारा प्रवासी तेथे शिजवलेले अन्न न घेता कोरडा शिधा घेई : तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, सरपण. मग तीन दगडांची चूल मांडून स्वतः रांधून जेवी. म्हणजे 'बाहेर जेवण मिळणे' याचा अर्थ अनेकदा 'बाहेर चूल मांडायला जागा मिळणे' एवढाच असे. तयार ताट विकत घेण्याची कल्पना या व्यवस्थेत कुठेच बसत नव्हती. ती बसवली रेल्वेने आणि बंदराच्या शहराने.

६/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी रेल्वे धावली. आपल्या भागात ती बरीच उशिरा आली. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सिकंदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज मार्ग एकोणिसावे शतक संपता संपता तयार झाला. मुंबईला जाणाऱ्याला मनमाडला उतरून मोठ्या रुळांची गाडी धरावी लागे. बैलगाडीच्या वाटेवर मुक्कामाला चूल पेटवता येत होती. फलाटावर, पुढची गाडी सुटायच्या आत, ते शक्य नव्हते.

७/ रेल्वेने या पेचावर आपल्या परीने तोडगा काढला. स्थानकांवर हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी वेगळे पाणी, वेगळा चहा, वेगळी उपाहारगृहे आली. 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा हाका फलाटावर ऐकू येत. गाडीच्या डब्यात सर्व जातींचे लोक खांद्याला खांदा लावून बसत, पण तहान लागली की पुन्हा वेगळे होत. पाण्याला शाकाहारी-मांसाहारी असे काही नसते. प्रश्न हाताचाच होता, हे याहून स्पष्ट कुठे दिसावे?

८/ आता मुंबई. १८५० च्या दशकात येथे कापड गिरण्या सुरू झाल्या आणि १८६४ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. यांतील मोठा वर्ग घरदार गावी ठेवून आलेल्या पुरुषांचा होता. त्यांना रोज शिजवून कोण घालणार? या गरजेतून खानावळ वाढली. महिन्याचे पैसे ठरवून दोन वेळचे ताट मिळे. खानावळी जातीच्या, जिल्ह्याच्या, बोलीच्या होत्या. कोकणातल्या माणसाला कोकणी चवीचे आणि मासळीचे ताट, घाटावरच्याला भाकरी-कोरड्यास, ब्राह्मणाला ब्राह्मणाच्या हातचे. गिरणगावात कित्येक खानावळी बायका आपल्या खोलीतच चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापून ज्यांना संघटित केले, त्या याच परंपरेतल्या.

९/ परक्या शहरातील शाकाहारी प्रवाशाला खानावळीने उत्तर दिले, पण ते जातीच्या चौकटीत. आपल्या माणसांची खानावळ सापडली की दोन्ही प्रश्न एकदमच सुटत. ती सापडली नाही, तर समोर निरामिष ताट असूनही माणूस उपाशी राही. ही चौकट पहिल्यांदा कोणी जाणूनबुजून मोडली? येथे सुरुवातीच्या पावाकडे परत येऊ.

१०/ १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग हे तिच्या प्रमुखांपैकी एक. सभा गुप्त होती. जातिभेद न मानणे हे तिचे मुख्य तत्त्व. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती पाववाल्याने भाजलेला पाव खावा लागे. दीक्षेसाठी मांस वा मद्य नेमले नव्हते, साधा पाव नेमला होता. कारण पाव हे परक्या हातचे, पाण्यात मळलेले अन्न. तो एक घास गिळला की जातीची भिंत ओलांडली गेली. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे असलेले दप्तर चोरीला गेले आणि नावे उघड होण्याच्या भीतीने सभाच मोडली. एका पावाची केवढी ही दहशत!

११/ हा भेद समजण्यासाठी आणखी एक उदाहरण पाहू. पोरबंदरचा अठरा वर्षांचा एक तरुण १८८८ साली शिक्षणासाठी विलायतेला निघाला. मांस खाणार नाही, अशी शपथ त्याने आईला दिली होती. तरीही मुंबईत त्याच्या मोढ वाणी जातीची सभा भरली आणि समुद्र ओलांडतो म्हणून त्याला जातीबाहेर टाकण्यात आले. लंडनमध्ये पोटभर निरामिष जेवण मिळावे म्हणून तो मैलोन् मैल पायपीट करी. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी उपाहारगृह सापडले. मोहनदास गांधींनी शपथ पाळली, पण जात गमावली. शाकाहार आणि जातिनियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका प्रवासात दिसते.

१२/ दोन वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनच्या कार्यक्रमात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. निमंत्रितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध केली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत गेले आणि रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. चहाच्या कपात ना मांस होते, ना मासा. अपराध एवढाच, की तो मिशनऱ्यांच्या घरचा होता.

१३/ येथवरच्या गोष्टी सवर्णांच्या अडचणींच्या आहेत. ज्यांना कोणत्याच पंगतीत जागा नव्हती, त्यांचा प्रवास कसा होता? १९०१ सालची गोष्ट. भीमराव आंबेडकर हा नऊ-दहा वर्षांचा मुलगा थोरला भाऊ आणि बहिणीच्या मुलांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला. मसूर स्थानकावर उतरल्यावर कळले, की न्यायला कोणी आलेले नाही. मुले महार आहेत हे समजताच स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यावर तयार झाले, तेही मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर.

१४/ मुलांकडे डबा भरलेला होता. रात्री नाक्यावर थांबल्यावर त्यांना भूकही लागली होती. पण पाणी कोणी देईना. पाण्यावाचून घास उतरेना आणि भरल्या डब्यापाशी मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. प्रवासात जेवण मिळण्याच्या इतिहासातील हे सर्वांत वेदनादायक पान मला वाटते. 'येथे काय मिळते?' हा प्रश्न विचारण्याआधी 'येथे मला काही मिळू दिले जाईल का?' या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असावे लागते. आज आपण पहिला प्रश्न सहज विचारतो, कारण दुसऱ्यासाठी कोणीतरी लढले आहे.

१५/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत मराठी उपाहारगृहे स्थिरावू लागली. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे बाहेरगावच्या मराठी माणसाचे उतरण्याचे ठिकाण होते. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन तेथेच झाले. दादरला मामा काण्यांनी उपाहारगृह काढले आणि त्याच्या नावात 'स्वच्छ' हा शब्द घातला. हा शब्द मला फार बोलका वाटतो. 'सोवळे' माणसाला चिकटलेले असते. 'स्वच्छ' भांड्याला, ओट्याला, हात धुण्याला. गिऱ्हाईक हळूहळू 'कोणाच्या हातचे' याकडून 'कसे केलेले' याकडे वळत होते.

१६/ दुसरीकडे इराण्यांची हॉटेले होती. इराणातून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी संगमरवरी टेबले मांडली, चहा आणि मस्का-पाव ठेवला आणि येणाऱ्याला जात विचारली नाही. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी, लेखक एकाच टेबलावर बसू लागले. परमहंस सभेत जो घास दार लावून खावा लागे, तो पन्नास-साठ वर्षांत चौकात उघड्यावर खाल्ला जाऊ लागला. शहराने हे काम ना भाषण करून केले, ना ठराव करून. भूक, घाई आणि परवडणारी किंमत यांनी ते केले.

१७/ मुंबईतील शाकाहारी प्रवाशाला सर्वांत भक्कम आधार मात्र उडुपी हॉटेलांनी दिला. उडुपी हे स्वतः समुद्राकाठचे गाव आहे. शेजारीच मालपे हे मासेमारीचे मोठे बंदर. तेथील कृष्णमठात आठ मठांची पाळी चालते आणि यात्रेकरूंना निरामिष भोजन मिळते. हजारोंसाठी झटपट आणि नेमके रांधण्याची ही विद्या घेऊन तेथील आचारी बाहेर पडले. समुद्रकिनारा म्हणजे मासळी, हे खरेच. पण देशातील शाकाहारी हॉटेलाचा सर्वांत यशस्वी नमुनाही किनाऱ्यानेच दिला आहे.

१८/ माटुंग्याला स्थानकाजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ साली 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' काढले. काळ महायुद्धाचा आणि टंचाईचा. केळीच्या पानावरचे तेथील जेवण आजही प्रसिद्ध आहे. उडुपी हॉटेलांची युक्ती अशी, की त्यांनी जुन्या आणि नव्या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी उत्तर दिले. आत भटारखान्यात ब्राह्मण आचारी, म्हणून जुन्या मनाचे गिऱ्हाईक निर्धास्त. बाहेर टेबलावर पैसे देईल तो, म्हणून शहराचे गिऱ्हाईकही खूश. हॉटेलाच्या दोन दारांमध्ये दोन शतके एकत्र नांदत होती.

१९/ ही तडजोड सर्वांना मान्य नव्हती. मद्रास या दुसऱ्या किनारी शहरात हॉटेलांच्या पाट्यांवर 'ब्राह्मण' हा शब्द सर्रास असे. पाटी जेवणाविषयी बोलते की जातीविषयी, असा प्रश्न पेरियारांच्या चळवळीने विचारला आणि १९५७ मध्ये ट्रिप्लिकेनच्या मुरली कॅफेसमोर निदर्शने केली. केवळ मांसविरहित जेवण विकायचे असेल तर 'शाकाहारी' हा शब्द पुरे. त्यापुढे आणखी एक शब्द लागतो, तेव्हा तो कशासाठी लागतो, हे विचारायलाच हवे.

२०/ तोवर कायदा पुढे आला होता. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे : धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही अडवता येणार नाही. विद्यार्थी म्हणून हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले होते, की मूलभूत हक्कांत चहाच्या हॉटेलाचे काय काम? मसूरची ती रात्र वाचल्यावर कळले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला.

२१/ मग शाकाहार म्हणजे फक्त सोवळे, असे म्हणायचे का? आपल्या परभणीकरांना तसे म्हणता येणार नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. आपल्याकडे मांस न खाणाऱ्याला लोक 'माळकरी' म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ घातली की खाणे सुटते. मग तो मराठा असो, माळी असो, धनगर असो. हा जन्माने आलेला नियम नव्हे, स्वतः घेतलेले व्रत आहे. कीर्तनाच्या शेवटी काला होतो आणि तो सर्वांनी मिळून खायचा असतो. अर्थात, याच पंढरपूरच्या मंदिराचे दार दलितांना १९४७ पर्यंत बंद होते आणि ते उघडावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हेही विसरू नये. तरी 'मी काय खाणार नाही' आणि 'मी कोणासोबत खाणार नाही' या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची वाट काल्याने दाखवली होती.

२२/ जगातही असाच प्रवास झाला. इंग्लंडची व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ मध्ये रॅम्सगेट येथे स्थापन झाली. तेही समुद्रकिनाऱ्यावरचे, सहलीचे गाव. १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि सहकाऱ्यांनी दूध-अंडीही वर्ज्य करणाऱ्यांसाठी 'वीगन' हा शब्द घडवला. भारतात २००१ पासून पाकिटावर हिरवा ठिपका आला. त्यात दूध चालते. वीगन पदार्थांसाठी वेगळे चिन्ह २०२१ मध्ये जाहीर झाले. ठिपका फक्त पदार्थाविषयी बोलतो, हे त्याचे मोठेपण. पाकीट कोणी भरले, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

२३/ आता किनाऱ्याच्या सहलीला निघालेल्यांसाठी थोडे उपयोगाचे. कोकण-गोव्याचे पारंपरिक निरामिष जेवण दुधापेक्षा नारळावर उभे आहे, म्हणून ते पुष्कळदा आपोआपच वीगन असते : काळ्या वाटाण्याचे सांबारे, आंबोळ्या, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, नारळाच्या रसातली सोलकढी. गोव्यात आणि तळकोकणात 'शिवराक' हा शब्द वापरा, लगेच समजेल. भाजीत सुकट, जवळा वा सोडे नाहीत ना, हे आवर्जून विचारा. भातावर तूप नको, पावाला लोणी नको, हे आधीच सांगा. मुंबईत वडापाव आणि दही न घातलेली मिसळ आहेच.

२४/ वडापावाचे श्रेय सहसा दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते. त्यातला बटाटा आणि मिरची पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेली, पावही त्यांचाच. ज्या पावासाठी परमहंस सभेला दार लावावे लागले, तो आज माळकरी आजोबा, वीगन विद्यार्थी आणि ज्यांच्या पणजोबांना पाणी नाकारले गेले ती मुले एकाच गाडीभोवती उभी राहून खातात. हातात हात लागतो, सुटे पैसे फिरतात, पुढे कोण उभे आहे हे कोणी विचारत नाही.

२५/ परतीच्या रात्री आजीने पुन्हा विचारले, "कुणाच्या हातचं जेवलास?" मी म्हणालो, "आजी, विचारलंच नाही." ती थोडी थांबली आणि म्हणाली, "पोट भरलं ना मग?" काय खावे हा ज्याचा त्याचा अधिकार, तो जपावा आणि दुसऱ्याचाही जपू द्यावा. पण 'शुद्ध' अशी पाटी दिसली, की ती पदार्थाविषयी बोलते आहे की माणसाविषयी, एवढे मनाशी विचारून पाहावे. इतिहास शिकण्याचा एवढा उपयोग तरी व्हावा.

आपल्या घरी दशम्या, शिदोरी किंवा जुन्या खानावळीच्या आठवणी असतील, तर आजी-आजोबांना विचारून खाली जरूर लिहा. (समाप्त)